निलावेलीच्या समुद्रात सूर्य मावळत नाही

एक लाख आठ हजार रुपये. आकडा आधीच लिहून टाकतो, कारण गेले तीन महिने मी तो लोकांना कमी करून सांगत आलोय. सासऱ्यांना ‘पन्नासेक हजार’ म्हणालो, मित्रांना ‘थोडे अडकलेत’ म्हणालो. अडकले नाहीत, श्रीलंकेच्या एका खोट्या टूरपायी गेले.

बेळगावात शहापूरला माझा फोटो स्टुडिओ आहे, १७ वर्षं झाली. लग्नं, बारशी, पासपोर्ट फोटो. आषाढ लागला की लग्नाची कामं थांबतात, तेवढाच काय तो मोकळा वेळ. समुद्राचे फोटो काढायची हौस जुनी. गोवा आम्हाला चोर्ला घाट उतरला की लागतो, पण जुलैत तिथला समुद्र खवळलेला असतो आणि सीझनमध्ये ट्रायपॉड मांडायला जागा मिळत नाही. आम्हा दोघांना शांत किनारा हवा होता, म्हणून श्रीलंकेचं मनात होतं. नैर्ऋत्य मोसमी पावसात तिथली गॉल, वेलिगामा, मिरिस्साची बाजू भिजत असते, पण पूर्वेकडं त्रिंकोमाली आणि निलावेली कोरडी असते. पाणी संथ असतं, पिजन आयलंडजवळ पोवळी बघायला मिळतात. हे सगळं मला आधीपासून ठाऊक होतं. ठाऊक होतं, हेच जास्त झोंबतं.

मे महिन्यात फोटोग्राफर लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरात आली. ‘निलावेली फोटो टूर, ९ ते १५ जुलै, फक्त ८ जागा, माणशी ५८,५००.’ टाकणारा ओळखीचा होता, त्यालाही ती दुसऱ्या कुणीतरी पाठवलेली. फोन लावला तर पलीकडं तरुण पोरगा, कोल्हापूरचा म्हणाला, दर वाक्याला ‘सर’. लेन्सवर लावायच्या एनडी फिल्टरबद्दल बोलला, पहाटेच्या उजेडाबद्दल बोलला. अशा लोकांची पद्धत तुम्हाला माहीत आहे, ती परत उगाळत नाही.

१२ मेला टोकन ११,०००. ३ जूनला विमानाचे ५२,५००. २० जूनला हॉटेलचे ३८,०००. दोघांचे मिळून १,१७,००० व्हायचे, त्यातले राहिलेले १५,५०० कोलंबोत पोचल्यावर द्यायचे होते. याच १५,५०० रुपयांनी माझा घात केला. ज्याला बुडवायचंय तो मागं पैसे कशाला ठेवेल, असं मला वाटलं. शेवटी २५ जूनला ड्रोनच्या परवान्याचे म्हणून ६,५०० वेगळे घेतले. तिथं ड्रोन उडवायला त्यांच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाची परवानगी लागते, हे खरं आहे. पण ती अर्ज करून मिळते, व्हॉट्सॲपवर पैसे टाकून नाही. मी विचारलंसुद्धा नाही.

आता त्या फोटोबद्दल सांगतो.

पहिल्या हप्त्याच्या आधी त्यानं मला ‘आमच्या मागच्या बॅचचे’ म्हणून सहा फोटो पाठवले. त्यातला तिसरा मला रात्री झोपेतही दिसतो. पाण्यात रोवलेल्या खांबांवर बसून मासे धरणारे तीन कोळी, मागं समुद्रात अर्धा बुडालेला तांबडा सूर्य. खाली लिहिलेलं, ‘निलावेली, सूर्यास्त’. निलावेली पूर्व किनाऱ्यावर आहे. तिथं सूर्य समुद्रातून उगवतो, मावळतो तो जमिनीकडं. आणि खांबांवरचे कोळी तिथले नव्हेतच, ते दक्षिणेकडचे, कोग्गला, अहंगामा, वेलिगामा भागातले. एका फोटोत दोन खोट्या गोष्टी, आणि दोन्ही मला कळायलाच हव्या होत्या. नवख्या माणसाचं सोडा. मी आयुष्यभर सूर्य कुठल्या बाजूला आहे ते बघून नवरा-नवरीला उभं करत आलोय. कुठल्या मंगल कार्यालयात दुपारी चारला ऊन कुठून येतं, ते मला विचारा.

मी त्या फोटोकडं चांगली पाच मिनिटं बघत होतो. मोठा करून बघितला. आणि त्याला विचारलं काय, तर ‘शटर किती ठेवलंस?’ तो म्हणाला, ‘एक साठांश, सर.’ मी म्हटलं, ‘छान आलाय.’ रॉ फाइल (कॅमेऱ्यातली मूळ, न बदललेली फाइल) मागितली असती तर त्याची बोबडी वळली असती. तुम्ही मागा. ज्यानं फोटो काढलाय त्याच्याकडं सहसा रॉ फाइल असते.

लोक म्हणतात, ॲडव्हान्स दिलासच कसा? अहो, ॲडव्हान्स घेतल्याशिवाय मीच लग्नाची ऑर्डर घेत नाही. आमच्या धंद्यात निम्मे पैसे आधी, ही रीत आहे. पैसे कंपनीच्या नव्हे, एका व्यक्तीच्या नावाच्या खात्यात जात होते हे मला दिसलं होतं, पण माझ्या स्टुडिओचे पैसेही माझ्याच नावावर येतात. मग त्यात संशय घ्यायचा कसा? हां, टीसीएसच्या, म्हणजे टूर विकणाऱ्यानं गिऱ्हाइकाकडून घेऊन सरकारला भरायच्या कराच्या, वेळी मात्र कान टवकारायला हवे होते. परदेशी टूर पॅकेज विकणाऱ्याला गिऱ्हाइकाकडून टीसीएस घ्यावाच लागतो, पॅन नंबर मागावाच लागतो. तेव्हाच्या, २०२५ च्या दरानं १,१७,००० वर ५ टक्के म्हणजे ५,८५० होत होते. हा म्हणाला, ‘तुमच्यासाठी वाचवतो, सर.’ बायको तेव्हाच म्हणाली होती, सरकारचे पैसे हा कसे वाचवणार? मी तिला गप्प केलं. सगळ्यात जास्त लाज मला याची वाटते.

६ जुलैला आषाढी एकादशी. दुसऱ्या दिवशी सकाळी उपास सोडून बॅग भरायला घेतली आणि विमान कंपनीच्या साइटवर पीएनआर टाकला, तर बुकिंग रद्द. जूनमध्ये बघितलं तेव्हा आमची नावं दिसत होती. नंतर कळलं, पैसे न भरताही बुकिंग काही वेळ धरून ठेवता येतं आणि तेवढ्यात पीएनआर मिळतो. बहुतेक विमान कंपन्यांच्या खऱ्या ई-तिकिटावर १३ आकडी तिकीट नंबर असतो. पीएनआर बघून खूश होऊ नका, तो नंबर मागा. हॉटेलला फोन लावला (व्हाउचरवरच्या नंबरवर नाही, स्वतः शोधलेल्या नंबरवर), तर आमच्या नावाचं काहीच नव्हतं. तिथली बाई म्हणाली, या आठवड्यात असा फोन करणारे तुम्ही तिसरे. हाच फोन जूनमध्ये केला असता तर निदान ४४,५०० वाचले असते.

पोलिसांकडं त्याच दिवशी गेलो. अर्ज मराठीत लिहिला होता, कन्नडमध्ये आणा म्हणाले. दीडशे रुपये देऊन कन्नडमध्ये टाइप करून घेतला. साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी साहेब भेटले, खातं कोल्हापूरचं आहे, तिकडं जा म्हणाले. एसटीनं कोल्हापूर गाठलं. तिथले म्हणाले, तुम्ही कर्नाटकातले, पैसे बेळगावात बसून पाठवलेत, तिकडंच नोंदवा. मी टेबलासमोर उभा होतो आणि तो माणूस माझ्याकडं न बघता बोलत होता. सीमाभागातल्या माणसाला हे नवीन नाही. दाखल्यापासून दवाखान्यापर्यंत दोन्हीकडची दारं आम्ही बघितली आहेत. पण लुटला गेलेला माणूस कुठल्या राज्याचा, हे आधी ठरवायचं आणि मग चोराच्या मागं लागायचं? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडो, तक्रार नोंदवून घ्यायची. झिरो एफआयआर म्हणतात ते हेच. एका वकिलानं मला हे सांगितलं तोवर नऊ दिवस गेले होते. तुम्ही कलम लिहूनच घेऊन जा. बँकेत तर मॅनेजरनं दोन मिनिटांत निकाल लावला, ‘पिन तुम्हीच टाकलाय ना?’ हो, मीच टाकलाय. चाकू दाखवला असता तरी पाकीट मीच काढून दिलं असतं, मग ती चोरी नव्हे का?

आणि एक, ठाण्यात जायच्याही आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा. पैसे पुढं सरकायच्या आत खातं गोठलं तरच काही हाती लागतं. मी तीन दिवस या ठाण्यातून त्या ठाण्यात फिरलो आणि मग फोन केला. तोवर खात्यात ४,२१० रुपये उरले होते. तेवढे गोठवलेत, आणि ते सोडवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणाले.

७ जुलैला रात्री रागाच्या भरात मी त्या पोराला एक लांबलचक मेसेज पाठवला होता. अरे, निलावेलीला समुद्रात सूर्य मावळत नाही, एवढंही तुला कळत नाही का, ते कोळी कुठले हेही कळत नाही, असं बरंच काही. निळ्या दोन खुणा आल्या, उत्तर आलं नाही.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका ग्रुपवर डिसेंबरच्या टूरची जाहिरात आली. नंबर वेगळा, नाव वेगळं, फोटो तोच. तेच तीन कोळी, तोच सूर्य. खाली लिहिलंय, ‘वेलिगामा, सूर्यास्त’. आता फोटोत चूक सापडणार नाही. ती मीच त्याला दुरुस्त करून दिली. खातं कुणाच्या नावावर आहे ते बघा.