५८ सीसीची चिनी चेनसॉ: घरी ताकद वाढवायला कितपत लायक?

नारिंगी नाहीतर लाल प्लास्टिकची, २२ इंची पट्टीची (जिच्या कडेने चेन फिरते ती पट्टी), बॉक्सवर ठळक '५८ सीसी' छापलेली ही मशीन नागपुरात कृषी अवजारांच्या दुकानांत आणि ऑनलाइन दहा-बारा नावांनी विकली जाते. नाव कुठलंही असो, आतला आराखडा एकच, झेनोआ या जपानी कंपनीच्या जुन्या मशीनवरून उचललेला. किंमत साधारण पाच ते आठ हजार. स्वस्त आहे, उघडायला सोपी आहे, सुटे भाग मिळतात, म्हणून घरी इंजिन 'खोलणाऱ्यांची' पहिली नजर हिच्यावरच पडते. आमचं मत असं: सायलेन्सर, कार्बोरेटर आणि हवाबंदी या तीन कामांत ही मशीन पैसे वसूल करून देते. ब्लॉकच्या, म्हणजे सिलेंडरच्या, आत ग्राइंडर घालायची मात्र तिची लायकी नाही.

आधी ५८ चा हिशेब. या मशीनचा ब्लॉक ४५.२ मिमी बोअरचा (आतल्या व्यासाचा) म्हणून मिळतो. त्या बोअरमध्ये ५८ सीसी भरायला स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा वर-खाली प्रवास, ३६ मिमी हवा. ब्लॉक काढलाच तर व्हर्निअरच्या मागच्या दांडीने पिस्टनचा प्रवास मोजा. ३४ मिमी भरला तर तुमच्या हातात ५४.५ सीसीचं इंजिन आहे, आणि त्यावर २२ इंची पट्टी म्हणजे आधीच जास्तीचं ओझं. म्हणून ताकद वाढवायचं सगळ्यात स्वस्त काम इंजिनाबाहेरच आहे: १८ इंची पट्टी आणि ७२ लिंकांची चेन घ्या (२२ इंचीला ८६ लिंक लागतात). पिच (लिंकांमधलं अंतर) ०.३२५ इंच, गेज (पट्टीच्या खाचेत बसणारी जाडी) ०.०५८ इंच तेच ठेवा, चेन सेमी-चिझल (गोलसर कोपऱ्याच्या दातांची) घ्या. वाळलेल्या बाभळीत फुल-चिझलचा कोपरा लवकर मरतो. धार ४.८ मिमीच्या गोल कानशीने, डेप्थ गेज (दातापुढचा उंचवटा) दातापेक्षा ०.६५ मिमी खाली. एवढ्यावर ज्यांचं समाधान होईल त्यांनी इंजिनाला हात लावू नये.

लावायचाच असेल तर पहिलं काम हवाबंदीचं. नव्या कोऱ्या मशीनमध्येही कार्बोरेटर आणि ब्लॉक यांच्यामधल्या जोडाला, तिथल्या पॅकिंगला फट असू शकते. कधी क्रँकचे ऑइल सील नीट बसलेले नसतात. मशीन आडवी केल्यावर आरपीएम बदलणं, थ्रॉटल सोडल्यावर रेस सावकाश उतरणं, ही त्याची लक्षणं. सायलेन्सर आणि कार्बोरेटर काढून दोन्ही तोंडांवर रबर आणि धातूची पट्टी आवळा, प्लगच्या भोकातून हातपंपाने अर्धा बार हवा भरा आणि जोडांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडा दिसेल तिथे आधी दुरुस्ती. मग सीलवर उलटा व्हॅक्यूमही द्या, कारण काही सील दाबाला टिकतात आणि ओढीला सुटतात. जास्तीची हवा शिरत असताना सायलेन्सर मोकळा करणं म्हणजे पिस्टन जाळायची तयारी. लोकांची मशीन इथेच जाते आणि दोष टूटी ऑइलला (पेट्रोलमध्ये मिसळायच्या टू-स्ट्रोक तेलाला) मिळतो.

सायलेन्सर. दोन लांब बोल्ट काढले की तो हातात येतो. ब्लॉकच्या एक्झॉस्ट तोंडाची रुंदी आणि उंची मोजून क्षेत्रफळ काढा. ते समजा ३०० चौरस मिमी आलं, तर सायलेन्सरचं बाहेरचं तोंड एकूण २२५ ते २४० चौरस मिमी असलं म्हणजे पुरे. १२ मिमीचं एक भोक ११३ चौरस मिमी देतं, १४ मिमीचं १५४. आधीचं तोंड मोजा, कमी पडेल तेवढंच पाडा, आणि भोक पुढच्या बाजूला पाडा. टाकी किंवा हँडलकडे तोंड गेलं तर प्लास्टिक वितळतं. सगळं पोकळ करून टाकायचा मोह आवरा. आतली आडपट्टी पूर्ण काढली की आवाज कानाला बोचतो, ताकद मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. कापताना निघालेली बारीक कीस पूर्ण झटकून, रॉकेलने धुऊन काढा. ती ब्लॉकमध्ये ओढली गेली तर पहिल्याच मिनिटात सिलेंडरवर ओरखडे. बोल्टना स्प्रिंग वायसर लावा, आणि इंजिन दोन-तीनदा गरम-थंड झाल्यावर परत आवळा. सायलेन्सरच्या उष्णतेत साधं लॉकटाइट (बोल्ट सैल होऊ नये म्हणून लावायचा गोंद) टिकत नाही. ठिणगीची जाळी परत बसवलीच पाहिजे, भोक नवं असेल तर त्यावरही. मार्च ते जून विदर्भात सागाचा पाचोळा इतका कोरडा असतो की रानात किंवा धुऱ्यावर एक ठिणगी पुरते.

सायलेन्सर मोकळा झाला की मिश्रण लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त. कार्बोरेटरवर तीन स्क्रू असतात: एल (कमी रेसच्या इंधनाचा), एच (पूर्ण रेसच्या इंधनाचा) आणि आयडलचा (थ्रॉटल सोडल्यावरच्या फिरण्याचा). एअर फिल्टर स्वच्छ, पट्टी-चेन चढवलेली, इंजिन गरम, अशा स्थितीतच ट्यूनिंग करा. पट्टी-चेनशिवाय रेस दिली तर इंजिन हद्दीबाहेर पळतं. एच स्क्रू आहे त्यापेक्षा पाव फेरा उघडा (उघडणं म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने). आता पूर्ण थ्रॉटल देऊन दोन-तीन सेकंद ऐका. आवाज सलग शीळ घातल्यासारखा लागला तर अजून उघडा. हवी ती फडफड: आवाज थोडा तुटक, भरल्या गळ्याचा. तीच मशीन लाकडात घातल्यावर फडफड बंद होऊन आवाज स्वच्छ झाला, तर सेटिंग बरोबर. लाकडातही फडफडली तर थोडं बंद करा. प्लगवर वायर गुंडाळायचा छोटा डिजिटल टॅकोमीटर घ्याच. बिनलोडावर या इंजिनाला १२,००० आरपीएमच्या वर नेऊ नका. आयडल २,८०० च्या आसपास ठेवा आणि तिथे चेन फिरता कामा नये.

नागपूरचं हवामान इथे थेट आडवं येतं. मेमध्ये ४५ अंशांत लावलेला एच स्क्रू डिसेंबरच्या सकाळी लीन पडतो, कारण थंड हवा दाट असते. थंडी सुरू झाली की परत ऐकून एक अष्टमांश फेरा उघडा. पंपावर आता ई२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल, आणि इथेनॉलला त्याच हवेसाठी जास्त इंधन लागतं. जुन्या व्हिडिओतली सेटिंग जशीच्या तशी उचलली तर ती इथे लीन निघते. टूटी ऑइल पेट्रोलच्या लिटरला ३० मिली, डब्यावर जासो एफडी (टू-स्ट्रोक तेलाची जपानी प्रत) लिहिलेलं. 'मॉडिफाय केली म्हणून' ५०-६० मिली ओतणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की तेल वाढलं तेवढं पेट्रोल घटतं, मिश्रण उलट लीनच होतं. पावसाळ्यात इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, तेव्हा काम संपलं की टाकी रिकामी करा आणि कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत मशीन चालवा. नाहीतर डायफ्राम कडक होतो, पाइप फुगतो.

इथपर्यंतचं काम घरच्या टेबलावर होतं आणि फरक लाकडात जाणवतो. पुढची पायरी ब्लॉकखालचं पॅकिंग काढण्याची. ती मापावर अवलंबून आहे, हौसेवर नाही. दीड मिमीची सोल्डर वायर प्लगच्या भोकातून पिस्टन पिनच्या रेषेत, सिलेंडरच्या भिंतीपर्यंत घाला, दोरी ओढून पिस्टन वरून फिरवा आणि चेपलेलं टोक मोजा; तेवढी पिस्टन आणि सिलेंडरच्या डोक्यामधली फट. दोन्ही बाजूंनी मोजा. १.१ मिमी आलं आणि पॅकिंग ०.५ चं असेल, तर काढल्यावर ०.६ उरतं, चालेल. ०.५ च्या खाली जात असेल तर पॅकिंग राहू द्या. या मशीनचं क्रँककेस उभं दोन भागांत जोडलेलं असतं, आणि दोन्ही भागांच्या वरच्या कडा नेहमी एका पातळीत नसतात. त्यावर सरळ पट्टी ठेवून बघा. पायरी लागली तर नुसत्या सीलंटने फट भरणार नाही. पातळी बरोबर असेल तर इंजिनाला चालणारं सीलंट अगदी पातळ लावा, चारही बोल्ट तिरके-तिरके आवळा आणि रात्रभर वाळू द्या. सुरू करण्याआधी हाताने पूर्ण फेरे फिरवून कुठे अडतं का पाहा. ब्लॉक खाली आल्याने एक्झॉस्ट उशिरा उघडतं आणि इनटेक लवकर. त्यामुळे खालच्या आरपीएमचा जोर वाढतो, वरची पळ थोडी घटते. बाभूळ-निलगिरीच्या जाड खोडाला हे उपयोगी, संत्र्याच्या बागेत सल (वाळक्या फांद्या) काढायला बिनकामाचं.

पोर्टिंग, म्हणजे ब्लॉकमधली तोंडं घासून मोठी करणं, करू नका, हे ठामपणे सांगतो. कागदावर एक्झॉस्ट तोंड बोअरच्या ६० टक्के, म्हणजे २७ मिमी रुंद करता येतं. पण या ब्लॉकचा आतला मुलामा पातळ आणि असमान असतो. ग्राइंडरने कड तोडली की तो पापुद्र्यासारखा सुटतो, रिंग त्यात अडकते आणि ब्लॉक-पिस्टन दोन्ही जातात. मॅग्नेटची चावी (फिरणारं चाक क्रँकवर धरणारा तुकडा) कानशीने घासून ठिणगीचं टायमिंग पुढे नेणंही सोडा, स्टार्टरची दोरी हातातून हिसका मारून उलटी जाते.

चेन ब्रेकला (चेन झटक्यात थांबवणाऱ्या ब्रेकला) कुठल्याही कारणाने हात लावायचा नाही. ताकद वाढल्यावर किकबॅकही, म्हणजे पट्टीचं अंगावर उसळणंही, वाढतो. शहरात झाड कापायचं असेल तर मनपाच्या उद्यान विभागाची परवानगी आधी काढा, मशीन कितीही चांगली लागलेली असो.

घेताना दुकानातच तीन गोष्टी बघा. एच-एल स्क्रू साध्या पेचकसाने फिरतात की खास डोक्याचे आहेत; खास असतील तर त्याचा पेचकस सोबत मागा. प्लग काढून दोरी सावकाश ओढा, क्रँक खरखरला तर दुसरं खोकं उघडायला लावा. आणि पट्टीला तेल देणारा पंप चालतो का ते मशीन चालवून, पट्टीचं टोक पुठ्ठ्यासमोर धरून बघा. तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. पंपाचा गिअर प्लास्टिकचा असतो आणि जास्तीच्या ताकदीत आधी तोच जातो, तेव्हा एक जादा गिअर त्याच वेळी घेऊन ठेवा.