स्टडी बायबल : आठ महिने रोज वापरल्यावर

आठव्या महिन्यात उत्पत्तीची, म्हणजे बायबलमधल्या पहिल्याच पुस्तकाची, पहिली सहा पानं सुटून हातात आली. टिपा आणि संदर्भ उत्तम आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण रोज पहाटे उघडायचं पुस्तक टिकतं ते बांधणीवर, आणि दुकानात नेमकी तीच कुणी बघत नाही. दुकानदाराचं उत्तर, "वापरून सुटलंय, बदलून मिळणार नाही." रोज वाचायला घेतलेलं पुस्तक वापरायचं नाही तर काय करायचं?

कण्याच्या वरच्या टोकाला लाल-पांढरी पट्टी दिसली की शिलाई आहे असं वाटतं. ती पट्टी शोभेची, वरून चिकटवलेली असते. पुस्तक डोक्याकडून बघा. फर्म्यांच्या, म्हणजे एकत्र घडी घातलेल्या पानांच्या जुड्यांच्या, बारीक कमानी दिसल्या, आणि फर्म्याच्या मधोमध उघडल्यावर घडीत दोरा दिसला, तरच ती जुजबांधणी, म्हणजे दोऱ्याने शिवलेली बांधणी. कडा सरळ कापून वर नुसता गोंद असेल तर घेऊ नका, आवरण अस्सल चामड्याचं असलं तरी.

दुसरी फसगत स्तोत्रसंहितेची, म्हणजे बायबलच्या साधारण मध्यावर येणाऱ्या पुस्तकाची. विक्रेता पुस्तक मधोमध उघडून दाखवतो, तिथे कुठलंही जाडजूड पुस्तक सपाट पडतं. उत्पत्ती १ उघडा. हात काढल्यावर पान आपोआप मिटत असेल, तर रोजचा ताण अस्तराच्या, म्हणजे पुठ्ठ्याला पानं जोडणाऱ्या कागदाच्या, सांध्यावर येणार. शेवटचे नकाशेही हलवून पाहा. जाड गुळगुळीत कागद नुसत्या गोंदाच्या पट्टीवर फार काळ धरत नाही.

चेनच्या कव्हरबद्दल मत बदललं. सुरुवातीला तेच सगळ्यात आवडलं होतं. पण पावसाळ्यात सातारा-वाईकडे घरगुती प्रार्थना सभेला भिजत जाऊन ते तसंच बंद ठेवलं, की ओल आतच राहते, पानांना लाटा येतात, रेक्झिनचे पापुद्रे निघतात. आता कव्हर फक्त प्रवासापुरतं. घरी आल्यावर पुस्तक बाहेर, पंख्याखाली. उन्हाळ्यात सांगलीत गाडीच्या डिकीत तर ठेवूच नका, उष्णतेने कण्याचा गोंद मऊ पडतो.

नवं पुस्तक आधी मोकळं करून घ्या. कणा टेबलावर टेकवा, दोन्ही पुठ्ठे खाली पाडा, मग पुढून वीस पानं, मागून वीस पानं, असं हलक्या हाताने दाबत मध्यापर्यंत या. शेल्फवर उभं ठेवू नका. पानांचं वजन पुठ्ठ्यापासून खाली ओढलं जातं. आडवंच ठेवा.

कागद इतका पातळ की यशया ५३ वर जेल पेनने रेघ मारली तर मागच्या बाजूला वाचताना नडते. ओला हायलायटर पान चुरगाळतो. एचबी पेन्सिल आणि कोरडी रंगीत पेन्सिल, एवढंच वापरा.

सुटलेल्या पानांना सेलोटेप लावू नका, तो पिवळा पडतो आणि काढताना अक्षरं घेऊन येतो. पानाच्या आतल्या कडेला काडीने फेविकॉलची दोन मिलिमीटर रेघ, दोन्ही बाजूंना बटर पेपर, वर वजन, पूर्ण दिवसभर. बाइंडरकडे नेलंत तर आधीच सांगा, "बाजूने भोकं पाडून शिवू नका." तसं शिवलं की आतला समास जातो आणि कण्याकडच्या रकान्यातल्या ओळी घडीत अडकतात. कण्यावर जाळीचं कापड आणि नवं अस्तर, एवढंच करून घ्या.