बागेतला हिवाळी निसर्ग आणि कारागिरी मेळा, वडोदरा: फुकट आहे, पण वेळ काढून जा

आमच्या घराजवळ कम्युनिटी गार्डन आहे, रहिवाशांनी मिळून सांभाळलेलं, तिथे वर्षातून तीनदा हा मेळा भरतो, पावसाळ्यात, हिवाळ्यात आणि मग उन्हाळ्याच्या तोंडावर. तिकीट नाही, रजिस्ट्रेशन नाही. या वेळी उत्तरायणच्या, म्हणजे पतंगांच्या संक्रांतीच्या, आदल्या रविवारी होता, मी, सासूबाई आणि माझा नऊ वर्षांचा मुलगा असे तिघं गेलो, तासाभरात परत येऊ म्हणून निघालो आणि घरी आलो तेव्हा दीड वाजला होता.

आधी संखेडावाल्यांचं सांगते, म्हणजे वडोदऱ्याजवळच्या संखेडा गावचं लाख चढवलेलं रंगीत लाकडी सामान बनवणारे, कारण आमचा अर्धा वेळ तिथेच गेला. वडोदऱ्यातल्या कितीतरी मराठी घरांत संखेड्याचा झोपाळा नाहीतर पाळणा असतो, आमच्याकडेही सासूबाईंच्या लग्नातला पाट आहे, पण तो बनतो कसा हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. तिथे एक काका संघाडा घेऊन बसले होते, म्हणजे लेथ, आपल्याकडे कातारी लोक वापरतात तसा. सागाचा तुकडा गरगर फिरत असतो आणि त्यावर ते लाखेची रंगीत कांडी दाबून धरतात, घासण्याच्या उष्णतेनेच लाख वितळते आणि लाकडावर चढते, वेगळी भट्टी वगैरे काही नाही. मग वर केवड्याचं पान घासलं की चमक येते. आणि मला सगळ्यात भारी वाटलं ते हे, की ती सोनेरी नक्षी सोन्याची नसतेच, कथिलाच्या पुडीत डिंक मिसळून ब्रशने काढतात, वाळल्यावर अकीकच्या दगडाने घोटतात, तोवर ती चांदीसारखी दिसते आणि वर लाखेचा पारदर्शक थर बसला की सोनेरी होते. सासूबाई म्हणाल्या, "अगं, चाळीस वर्षं पुसतेय मी तो पाट, मला वाटायचं सोनेरी रंग लावलाय." माझ्या मुलाला काकांनी भोवऱ्यावर लाख चढवायला दिली, तो घाबरून जोरात दाबायला लागला तर म्हणाले, "हाथ ढीलो राखजे बेटा." तो लाल-हिरवा भोवरा त्याला घरी नेऊ दिला, पैसे घेतले नाहीत. सावंतवाडीची खेळणी बघून मोठे झालेल्यांनी तर हे बघाच, लाख तीच पण हात वेगळा.

पिठोराचं काम एका झाडाखाली होतं. छोटा उदेपूरकडच्या राठवा आदिवासी समाजाचं हे चित्र, घोड्यांची रांग आपण हॉटेलांच्या भिंतींवर बघतो ना तेच, पण तिथे आलेल्या दादांनी आधीच स्पष्ट सांगितलं की कापडावर काढतोय तो फक्त नमुना, खरा पिठोरा घराच्या ओसरीच्या भिंतीवर मानता म्हणजे नवस फेडायला लिहितात, हो, ते 'काढतात' नाही, 'लिहितात' म्हणतात, बडवा म्हणजे त्यांचा पुजारी पूजा सांगतो, लिहिणाऱ्याला लखारा म्हणतात, भिंत घरातल्या कुमारिका शेणा-मातीने सारवतात आणि रंगात दूध आणि महुड्याची म्हणजे मोहाची दारू मिसळतात. हे सगळं त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळालं म्हणून मला फार बरं वाटलं, नाहीतर प्रदर्शनात फ्रेम लावलेली असते, किंमत लिहिलेली असते आणि सांगायला कोणी नसतं. इथे विक्रीचं टेबलच नाही. त्यामुळे लोक भाव करत नाहीत, प्रश्न विचारतात.

मग फुकट आहे तर कारागिरांचं काय, हा प्रश्न मला होताच, आणि मी तिथल्या एका ताईंना सरळ विचारला. रहिवाशांच्या वर्गणीतून दिवसाचं मानधन आणि येण्याजाण्याचा खर्च देतात म्हणाल्या. हे नसतं तर मी एवढं कौतुक केलं नसतं.

निसर्गाचा भाग सकाळी लवकर असतो, आम्ही अर्धाच पकडला. हिवाळ्यात इथे भोरड्यांचे थवे येतात, गुजरातीत वैया, ते संध्याकाळी आकाशात कसे वळतात याबद्दल छान सांगितलं, शिवाय डभोईजवळच्या वढवाणा तलावाबद्दल. तो सयाजीराव महाराजांच्या काळात सिंचनासाठी बांधला आणि 2021 मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेला, हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब तिथे दिसतात. मांज्यावर मुलांशी बोलले तेही चांगलं केलं: नायलॉनच्या मांज्यावर 2017 पासून बंदी आहे, साध्या सुती दोऱ्यानेच उडवा, आणि सकाळी लवकर आणि तिन्हीसांजेला नका उडवू कारण पक्षी तेव्हाच ये-जा करतात. मुलगा आता संध्याकाळी पाचनंतर फिरकी हातात घेत नाहीये, बघू किती दिवस टिकतं, पण मनापासून करतोय. पावसाळ्यातल्या मेळ्यात इथल्या विश्वामित्री नदीतल्या मगरींवर बोलले होते, 2024 च्या ऑगस्टमधला पूर, तेव्हा मगरी वस्तीत आल्या होत्या, तो ज्यांनी बघितलाय त्यांना ते किती कामाचं आहे हे सांगायला नको.

खायचा स्टॉल नव्हता, बागेतल्याच वालपापडीची भाजी आणि बाजरीचा रोटला होता थोडा थोडा, चवीपुरता.

आता जे खटकलं ते. संघाड्यासमोर फार गर्दी, रांग नाही, मोठी माणसंच पुढे उभी आणि मुलं मागून बघतायत, त्यात ते चालू मशीन आहे, दोरी तरी बांधा. बसायला खुर्च्या फक्त आठ-दहा, सासूबाई शेवटी कुंडीच्या कट्ट्यावर बसल्या. पाणी प्लास्टिकच्या ग्लासात होतं, निसर्गाच्या मेळ्यात हे मनाला लागलं, मी तिथे लिहून पण दिलंय. आणि पाट्या फक्त गुजराती-इंग्रजीत होत्या, आमच्या भागात एवढी मराठी घरं आहेत, दोन ओळी मराठीत चालल्या असत्या, मी पुढच्या वेळी लिहून द्यायला तयार आहे.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. जाणार असाल तर आठच्या आधी पोचा म्हणजे पक्ष्यांचं सगळं ऐकायला मिळेल, संघाड्यापाशी पण साडेनऊपर्यंत गर्दी नसते. पाण्याची बाटली घरून न्या, घरात म्हातारी माणसं असतील तर एक फोल्डिंग खुर्ची पण. आणि घरी संखेड्याची एखादी जुनी वस्तू असेल तर फोटो काढून न्या, ते काका बघून सांगतात की लाख पुन्हा चढवता येईल का. आमच्या पाटाचा एक पाय खरवडलाय, तो येईल म्हणाले.