गिम्प २.१० ते ३.० : मित्रांचे चेहरे रेम्ब्राँच्या चित्रात बसवताना

गिम्प या फोटो-संपादनाच्या मोफत प्रोग्रॅमची आधी २.१० आणि आता ३.० ही आवृत्ती, दोन्हींवर महिनोन्‌महिने एकच काम केल्यावर हे लिहितोय: फोटोतले चेहरे जुन्या तैलचित्रात असे बसवायचे की सांधा दिसू नये. लेअर, मास्क, कर्व्ह्‌ज वाचणाऱ्याला माहीत आहेत असं धरतो. दरमहा भाडं मागणारा प्रोग्रॅम या कामाला लागत नाही, या मतावर मी ठाम आहे. मात्र २.१० बद्दलची माझी सर्वांत मोठी तक्रार ३.० ने निकालात काढली, आणि त्याबद्दल कुठे फारसं लिहिलेलं दिसत नाही.

चित्र रेम्ब्राँचं 'सिंडिक्स', म्हणजे कापडाची प्रत तपासणाऱ्या अधिकाऱ्यांचं समूहचित्र, १६६२ सालचं, आम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधलं. संग्रहालयाच्या साइटवर त्याची मोठी प्रतिमा मोफत मिळते. सहा चेहरे, डावीकडून येणारा उजेड आणि पाच डोक्यांवर हॅट. हॅट मूळचीच ठेवायची, म्हणजे केस कापून काढण्याची कटकट उरत नाही. बदलायचा तो भुवयांपासून हनुवटीपर्यंतचा भाग. हॅटच्या काठाची कपाळावरची सावली मात्र मूळ चित्राचीच राहू द्या. मास्कची वरची कड त्या सावलीच्या आत विरली पाहिजे.

निम्मं काम फोटो काढतानाच जिंकलं किंवा हरलं जातं. हे चित्र उंचावर टांगण्याच्या हिशेबाने रंगवलेलं आहे, त्यामुळे टेबल खालून दिसतं. म्हणून कॅमेरा छातीच्या उंचीवर, किंचित वर रोखलेला हवा. अंतर निदान २ मीटर ठेवून झूम करा. फोन जवळ नेला की नाक फुगतं आणि कान मागे पळतात, ते नंतर कशानेच सरळ होत नाही. उजेड डावीकडच्या एकाच खिडकीचा, बाकी दिवे बंद. चित्रातल्या रुंद पांढऱ्या कॉलरींवरून हनुवटीखाली उजेड उसळतो, तेवढ्यासाठी छातीवर पांढरा कागद धरायला सांगा. फोनच्या कॅमेऱ्यातलं एचडीआर बंद, नाहीतर फोन सावल्या उपसून काढतो. आणि तोंड मिटलेलं. दात दिसले की चेहरा कधीच त्या टेबलाशी बसत नाही.

पुढची जुळवाजुळव सरळ आहे. इमेजची प्रिसिजन (रंगछटांची सूक्ष्मता) आधी १६ बिट करा. युनिफाइड ट्रान्सफॉर्मने (फिरवणं, मापबदल सगळं एकत्र करणारं टूल) डोळ्यांची रेष जुळवा आणि फोटो चित्राच्या मापाला लहान करा. चित्र मोठं करायला जाऊ नका. मग कलर पिकरला सॅम्पल ॲव्हरेज लावून चित्रातला सर्वांत गडद भाग मोजा. तो शून्यावर नसतो, तपकिरीकडे झुकलेला असतो. कर्व्ह्‌जमध्ये लाल वाहिनीचं खालचं टोक जास्त उचला, निळ्याचं सर्वांत कमी. फोटोचे डोळे आणि नाकपुड्या 'भोकं' पडल्यासारख्या दिसतात त्याचं कारण बहुतेक वेळा हा निव्वळ काळा असतो. त्वचेची रंध्रं घालवायला मीन कर्व्हेचर ब्लर पुरतो, कडा शाबूत राहतात. ऑइलिफाय वापरू नका, सगळ्या चेहऱ्यावर एकसारखे ठिपके येतात.

आता खरा मुद्दा: पोत. रंग कितीही जुळला तरी भोवतालच्या रंगलेपनाचे ठसे आणि बारीक भेगा चेहऱ्यावरून गेल्या नाहीत तर तो चिकटवलेलाच दिसतो. गिम्पकडे त्यासाठी ग्रेन एक्स्ट्रॅक्ट आणि ग्रेन मर्ज हे दोन मोड आहेत. पहिला खालच्या लेअरमधून वरचा वजा करून मधला करडा (८ बिटच्या हिशेबात १२८) मिळवतो, दुसरा तेच उलट करतो. चित्राची प्रत घ्या, तिच्यावरचे मूळ डोळे, नाक, ओठ हील टूलने गाल-कपाळाच्या पोताने झाका (हे टाळलं तर नव्या चेहऱ्यावर जुन्या माणसाच्या पापण्या उगवतात). मग तिची आणखी एक प्रत वर ठेवून तिला गॉशियन ब्लर द्या आणि मोड ग्रेन एक्स्ट्रॅक्ट करा. उरतो तो करड्या रंगावरचा शुद्ध पोत; तोच ग्रेन मर्जने नव्या चेहऱ्यावर चढवायचा.

सगळी मेख ब्लरच्या रेडियसमध्ये आहे. लहान ठेवला तर फक्त जेपेगची धूळ हाती लागते; मोठा ठेवला तर जुन्या गालाची सावलीसुद्धा पोतात शिरते. चेहरा सुमारे ४०० पिक्सेल उंच असेल तर ४ ते ६ पासून सुरुवात करा आणि १०० टक्क्यांवर बघूनच ठरवा. २.१० मध्ये ब्लर एकदा दिला की कायमचा. आकडा चुकला की प्रत, ब्लर, न्यू फ्रॉम व्हिजिबल (दिसतं ते नव्या लेअरमध्ये उतरवणं), सगळं पहिल्यापासून. सहा चेहऱ्यांना हे करताना जीव मेटाकुटीला येतो, आणि मी तेव्हा या कामासाठी गिम्प कुणालाही सुचवलं नसतं.

मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० मध्ये फिल्टर लेअरवर जिवंत राहतात, म्हणजे दिल्यानंतरही बदलता येतात. म्हणून न्यू फ्रॉम व्हिजिबल सोडूनच द्या. हील केलेली प्रत खाली, ब्लर केलेली ग्रेन एक्स्ट्रॅक्टवाली वर, दोन्ही नव्या चेहऱ्याच्या वर एका लेअर ग्रुपमध्ये घाला आणि ग्रुपचाच मोड ग्रेन मर्ज करा. ग्रुपला मास्क लावून पोत फक्त चेहऱ्यांपुरता ठेवा. आता ब्लर केलेल्या लेअरशेजारच्या एफएक्सच्या (फिल्टरच्या) चिन्हावरून रेडियस केव्हाही बदला, पोत समोरच सुधारतो. एवढ्या एका सोयीसाठी २.१० वरून हलायला हवं.

दोन गोष्टी अजून सलतात. लेअरचं चित्र आणि मास्कचं चित्र शेजारी-शेजारी असल्याने चुकीच्या चौकटीवर क्लिक होऊन ब्रश थेट फोटोवर चालतो; मास्क रंगवण्याआधी कोणत्या चौकटीला कड आहे ते बघाच. आणि जिवंत ब्लर असलेला ग्रुप दिसत असला की मोठ्या प्रतिमेवर ब्रश हातामागे रेंगाळतो. चेहऱ्याच्या कडा रंगवताना ग्रुपचा डोळा बंद ठेवा, कड झाली की उघडून तपासा. आणि सहाही चेहरे एकाच फाइलमध्ये न ओढता एकेक चेहरा भोवतालच्या कॉलर-हॅटसकट क्रॉप करून करा, शेवटी मूळ जागी परत बसवा.