टपावरचा लाइटबार: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गाडीच्या टपावर बसवलेल्या ५० इंची एलईडी लाइटबारबद्दलचं (एलईडी दिव्यांच्या लांब आडव्या पट्टीबद्दलचं) मत आधीच सांगून टाकतो: वस्तू चांगली, जागा चुकीची. कायदा जिथे तो लावू देत नाही, तिथे तो कामालाही फारसा येत नाही. वायरिंग करायच्या आधी हे माहीत असलेलं बरं.

जोडणी साधी आहे. वक्र, एका ओळीचा बार. मध्यभागी लांब फेकणाऱ्या लेन्स, दोन्ही टोकांना पसरट. मागे कॅरिअरला एक छोटा वर्कलाइट. खोक्यावर २५० वॅट छापलंय. इंजिन चालू ठेवून १३.६ व्होल्टला क्लॅम्प मीटर लावला तर थंड बार ११ अँपिअर ओढतो, म्हणजे १५० वॅट. वीस मिनिटांनी तापला की आतला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारं सर्किट, स्वतःच करंट कमी करतो आणि आकडा ९.३ अँपिअरवर येतो. ल्युमेनची (दिव्यातून निघणाऱ्या एकूण प्रकाशाची) तीच कथा, खोक्यावरचे ल्युमेन वाचून काही ठरवू नये. ‘१ लक्स किती मीटरवर’ हे दिलं असेल तर ते बघावं. लक्स म्हणजे तिथे पोचलेला प्रकाश, कँडेला म्हणजे दिव्याच्या झोताची तीव्रता. ५०० मीटरवर १ लक्स मिळत असेल तर तीव्रता ५०० गुणिले ५००, म्हणजे अडीच लाख कँडेला. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता कायदा. ‘टपावरचे दिवे चालतात का?’ याला सरळ हो-नाही उत्तर मिळत नाही, कारण प्रत्येक कायदा वेगळी गोष्ट मोजतो. कुणी तीव्रता बघतं, कुणी प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांत जातो का ते, कुणी दिवा झाकलाय की नाही एवढंच.

संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा ४८ क्रमांकाचा नियम बऱ्याच देशांत लागू आहे आणि समजून घ्यायला सगळ्यात सोपा तोच. त्यात अप्परच्या (लांब झोताच्या) दिव्यांना उंचीची मर्यादा नाही, त्यामुळे निव्वळ टपावर आहे म्हणून दिवा बेकायदा ठरत नाही. मर्यादा आहे ती एकूण तीव्रतेला: एकाच वेळी पेटणाऱ्या सगळ्या अप्पर दिव्यांची मिळून ४,३०,००० कँडेला. हिशेब सोपा व्हावा म्हणून प्रत्येक दिव्यावर एक संदर्भ आकडा कोरलेला असतो, १७.५, २०, २५, ३७.५, ५० असा. पेटणाऱ्या दिव्यांची बेरीज १०० च्या, म्हणजेच ४,३०,००० कँडेलाच्या वर जाता कामा नये. मूळ हेडलाइट २० चे असतील तर दोघांचे ४० गेले, उरले ६०. त्यात ५० चा एक बार बसतो, ३७.५ चे दोन दिवे बसत नाहीत. वरचा अडीच लाख कँडेलाचा बार एकटा ५८ खातो. २० च्या हेडलाइटबरोबर तो बेरजेपुरता जेमतेम मावतो. हेडलाइट २५ चे असले की बेरीज १०८ होते आणि संपलं.

याच नियमात आणखी दोन अटी आहेत, त्या जोडणाऱ्याला सहसा ठाऊक नसतात. डिप्पर मारला, म्हणजे झोत खाली घेतला, की सगळे अप्पर दिवे एकदम विझले पाहिजेत. आणि दिव्याचा प्रकाश आरशातून किंवा गाडीच्याच चकचकीत भागावरून परत येऊन चालकाला त्रास देता कामा नये. टपावरचा बार नापास होतो तो बहुधा या दुसऱ्या अटीवर, आणि त्यासाठी तपासनीस लागत नाही. रात्री बार पेटवून सीटवर बसलं की बॉनेटच पांढरंफट्ट दिसतं. ‘फॉगलॅम्प आहे’ म्हणून वेळ मारून नेण्याची सोयही नाही: मोटारींसाठी फॉगलॅम्पची कमाल उंची ८०० मिमी आहे.

मार्क वाचताना एक मोठी फसगत होते. बारच्या पाठीवरच्या स्टिकरवर गोलात ‘ई’ आणि शेजारी आकडा दिसला की दिवा मंजूर आहे असं समजलं जातं. तो आकडा फक्त मंजुरी देणाऱ्या देशाचा असतो. १ जर्मनी, ४ नेदरलँड्स, ११ ब्रिटन. महत्त्वाचं असतं ते पुढे काय लिहिलंय. स्वस्त बारवर बऱ्याचदा ‘१०आर’ने सुरू होणारा क्रमांक असतो. ती १० क्रमांकाच्या नियमाखालची मंजुरी, म्हणजे विद्युतचुंबकीय गडबडीपुरती: हा बार रेडिओत खरखर आणत नाही, एवढंच. प्रकाशाबद्दल ती चकार शब्द काढत नाही. अप्पर दिवा म्हणून मंजूर असेल तर ‘आर’ किंवा ‘एचआर’ ही अक्षरं आणि शेजारी तो संदर्भ आकडा दिसायला हवा. अमेरिकी मालावर एसएई (तिथल्या वाहन अभियंत्यांची मानकं ठरवणारी संस्था) अक्षरांमागे ‘वाय’ असेल तर तो पूरक अप्पर दिवा, ‘एफ’ असेल तर फॉग. अक्षरच नसेल तर दिवा फक्त रस्त्याबाहेरचा, मग जाहिरात काहीही म्हणो.

भारतात गाठ आणखी घट्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १११ गाडीच्या पुढच्या बाजूला स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट बसवूच देत नाही. अपवादात्मक परिस्थितीत, नोंदणी प्राधिकाऱ्याच्या मंजुरीनेच. नियम १०६ दिपण्याबद्दल आहे: दिव्यापासून ८ मीटरवर, जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर डोळा असलेला माणूस दिपू नये. त्यासाठी प्रकाश एकतर कायमचा खाली वळवलेला हवा, नाहीतर डिप्परबरोबर वळणारा किंवा विझणारा. ही मापं टपाला लावून बघा. बार १.९ मीटरवर असेल तर ८ मीटरमध्ये त्याची वरची कड ४० सेंमी खाली यायला हवी, म्हणजे साधारण ३ अंश उतार. त्या उतारावर सगळा प्रकाश ३८ मीटरच्या आत जमिनीला टेकतो. ५०० मीटर फेकणारा बार ३८ मीटरवर आणून ठेवायचा असेल तर तो घेतलाच कशाला? त्याखेरीज मोटार वाहन अधिनियम, १९८८ चं कलम ५२ आहे: नोंदणी पुस्तिकेतला तपशील आणि निर्मात्याचा मूळ तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाने करायचा नाही.

कॅलिफोर्निया याच्या अगदी उलट टोकाला. तिथल्या वाहन संहितेचं कलम २४४११ रस्त्याबाहेर वापरायला आठपर्यंत दिवे लावू देतं, टपाच्या वर १२ इंचांपर्यंतसुद्धा. मात्र सार्वजनिक रस्त्यावर ते विझलेले आणि अपारदर्शक झाकणाने झाकलेले हवेत. पिवळं पारदर्शक कव्हर या व्याख्येत बसत नाही. शिवाय या दिव्यांचं वायरिंग गाडीच्या बाकी सगळ्या दिव्यांपासून स्वतंत्र हवं. इथेच तिढा आहे. ४८ क्रमांकाच्या नियमाला बार अप्परला बांधलेला हवा, कॅलिफोर्नियाला तो सुटा हवा. एकच तयार हार्नेस (वायरिंगचा संच) एका ठिकाणी बरोबर आणि दुसऱ्या ठिकाणी चूक. ‘सगळीकडे कायदेशीर’ असं छापलेलं खोकं हातात आलं की त्यामुळेच हसू येतं.

मागच्या वर्कलाइटचं गणित वेगळं आणि सुटसुटीत. जर्मन नियमांत वर्कलाइट चालतो, पण गाडी चालवताना सहसा लावायचा नाही. ब्रिटनच्या १९८९ च्या दिव्यांच्या नियमांत तो कामाची जागा, अपघात किंवा बिघाडाची जागा उजळण्यासाठी आहे, आणि इतरांना दिपवता कामा नये. उभ्या गाडीचा दिवा, इतकंच ध्यानात ठेवायचं. रिव्हर्स गिअरला जोडायचा मोह टाळावा. स्वतंत्र स्विच आणि डॅशबोर्डवर पेटणारी खूणदिवी ठेवावी, नाहीतर तो चालू राहून मागच्या गाडीला पांढरा झोत दाखवत राहतो आणि चालकाला पत्ताच नसतो.

वायरिंग. बॅटरीपासून २० सेंमीच्या आत २० अँपिअरचा फ्यूज, ४० अँपिअरचा रिले (छोट्या सिग्नलने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), ४ चौ. मिमीची तांब्याची वायर. रिलेच्या ३० क्रमांकाच्या टोकाला फ्यूजमधून बॅटरी, ८७ ला बार, ८५ ला अर्थ, ८६ ला अप्परच्या वायरमधून डॅशबोर्डच्या स्विचमार्गे येणारा सिग्नल. असं जोडलं की डिप्पर मारताच बार आपोआप विझतो. स्विचला थेट बॅटरीचा पॉझिटिव्ह दिला, जो निम्म्या जोडण्यांत दिलेला असतो, तर हेडलाइट डिप्परवर गेले तरी बार पेटलेलाच राहतो. कायद्याच्या नजरेत सगळ्यात मोठा गुन्हा हाच. वायर बारीक घेऊन बचत होत नाही. टपापर्यंत जाऊन-येऊन १० मीटर धरले तर ४ चौ. मिमीमध्ये ११ अँपिअरला अर्धा व्होल्ट पडतो, १.५ मध्ये जवळपास १.३ व्होल्ट. एलईडी ड्रायव्हर कमी व्होल्टेजला जास्त करंट ओढून भरपाई करतो, म्हणून बारीक वायर आणखीच तापते. अर्थ कॅरिअरच्या बोल्टला देऊ नये. पावडर कोटिंगखाली तो धड लागत नाही आणि दिवा लुकलुकतो. सरळ चॅसिसपर्यंत वायर न्यावी.

नव्या गाड्यांत एक अडचण हमखास येते. हेडलाइटला सरळ १२ व्होल्ट न जाता तुकड्यातुकड्यांत वीज जाते. अशा वायरवरून सिग्नल घेतला की रिले टकटक करतो आणि काही आठवड्यांत त्याचे पॉइंट जळतात. काही गाड्यांत अप्परचा स्विच पॉझिटिव्हऐवजी अर्थ जोडतो. तिथे ८५ आणि ८६ चं वायरिंग उलटं करावं लागतं. मल्टीमीटर लावल्याशिवाय हेडलाइटची वायर सोलू नये.

आता प्रकाश. कच्च्या रस्त्यावर रात्री हेडलाइट लावून गेलं की चाकोरीच्या कडेची सावली लांब पडते आणि खड्डा किती खोल आहे ते दिसतं. टपावरचा बार लावला की तीच चाकोरी सपाट होते. दिवा डोळ्यांच्या जवळजवळ वरच असतो, सावली खड्ड्याच्या मागे लपते, आणि सगळी जमीन एकसारखी पांढुरकी दिसते. प्रकाश चौपट, माहिती निम्मी. पुढच्या गाडीचा धुरळा, धुकं किंवा पाऊस असेल तर डोळ्यांसमोर पांढरा पडदाच उभा राहतो. बार उपयोगी पडतो तो उभ्या चढाच्या माथ्यावर, जिथे हेडलाइट आकाशात बघत असतात, उंच गवतात, आणि मुक्कामाच्या जागी तंबू ठोकताना. तिन्ही ठिकाणी गाडी चालण्याच्या वेगाने जात असते किंवा उभी असते.

बॉनेटवरची चमक कमी करता येते, पुरती जात नाही. बार काचेच्या वरच्या कडेपासून २५ ते ३० सेंमी मागे सरकवला की टपाची कडच सावली धरते. उरलेल्याला काळी मॅट व्हिनाइल. बार वर तिरका करून चमक घालवायला जाऊ नये, त्याने झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

आवाजाची कुणी आधी कल्पना देत नाही. ताशी ७० किमीच्या पुढे बारच्या मागच्या, त्याला थंड ठेवणाऱ्या पात्यांतून शिट्टी सुरू होते, ९० ला ती गाण्याच्या वर ऐकू येते. पात्यांच्या मधोमध आडवी रबरी पट्टी बसवली तर बरीच थांबते. पट्टी सगळ्या पात्यांवर चढवली की शिट्टी पूर्ण जाते, पण बार तापून प्रकाश मंद होतो. मधला मार्ग म्हणजे तीन ठिकाणी, प्रत्येकी १० सेंमी. कडक झाकण लावल्यावर सूर बदलतो, थांबत नाही.

बाकी किरकोळ. स्टेनलेस बोल्ट ॲल्युमिनियमच्या ब्रॅकेटमध्ये कोरडे बसवले तर पांढरी भुकटी धरतात आणि निघताना आटे घेऊन येतात. अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावावं, खाली नायलॉनचा वॉशर. पहिल्या महिन्यात दोन बोल्ट सैल झाले, पुन्हा कसल्यावर नाही. काचेच्या आत सकाळी दव दिसलं आणि अर्ध्या तासात गेलं तर काळजी नको, श्वासछिद्र काम करतंय. दुपारपर्यंत राहिलं तर सील गेलं. एफएमवर खरखर आली तर बारच्या तोंडाशी वायरवर फेराइटची (रेडिओतली गडबड शोषणारी) कडी. टपाला भोक पाडू नये, कॅरिअर किंवा पन्हळीचा क्लॅम्प वापरावा. बदललेली एकूण उंची डॅशबोर्डवर चिकटवून ठेवावी. आणि विमा कंपनीला लेखी कळवावं, नाहीतर दाव्याच्या वेळी प्रश्न दिव्यावरच येतो.

सध्या बार काळ्या कडक झाकणाखाली आहे. पक्क्या रस्त्यावर निघताना २० अँपिअरचा फ्यूज काढून ग्लोव्हबॉक्समध्ये जातो, म्हणजे स्विचला चुकून हात लागला तरी काही पेटत नाही. लांब नजरेसाठी बंपरच्या उंचीवर, अप्परला बांधलेले, १७.५ आकड्याचे दोन दिवे आलेत. २० च्या हेडलाइटसकट बेरीज ७५, आणि चाकोरीची सावली परत दिसते.