बिंदू चौकातल्या झेरॉक्स नोट्स : जर्मनीच्या गुप्तचर यंत्रणा

राज्यसेवेची तयारी करणाऱ्यांनी जरूर घ्याव्यात. पान दोनवरचा तक्ता चोख आहे: परदेशातल्या माहितीसाठी बीएनडी, थेट चॅन्सेलरच्या कार्यालयाखाली; देशांतर्गत बीएफव्ही, १९५० पासून, मुख्यालय कोलोन, गृहमंत्रालयाखाली; लष्करासाठी एमएडी.

घोळ पान पाचवर. १६ राज्यांच्या यंत्रणा बीएफव्हीखाली बाण काढून दाखवल्यात. त्या तिच्या हाताखाली नाहीत, आपापल्या राज्याच्या गृहखात्याला जबाबदार आहेत. आपली एसआयडी (राज्याचा गुप्तवार्ता विभाग) केंद्राच्या आयबीच्या हाताखाली नाही, तसंच. तो बाण खोडून दोन्हीकडं टोक असलेली तुटक रेघ ओढा. माहितीची देवाणघेवाण तेवढी बंधनकारक.

अटकेचा अधिकार यांतल्या कुणालाच नाही, हे ठळक छापलंय ते फार बरं केलं. पोरं नेमकी तिथंच मार्क घालवतात. स्पायरल मात्र कच्चं आहे, तिथंच दुसरं मारून घ्या.