पूलच्या पंपाचा आरसीबीओ बदलला, आठ महिन्यांनंतरचा अनुभव

नवीन आरसीबीओ (करंट अर्थकडे गळला, म्हणजे लीकेज झाला, किंवा जादा झाला की वीज तोडणारा ब्रेकर) बसवून आठ महिने झाले, आता लिहायला हरकत नाही. पण आधी जुन्याची रडकथा, कारण त्यात माझी चूक जास्त आहे.

जुना 30 मिलीअँपिअरचा होता, म्हणजे लीकेज तेवढा व्हायच्या आत पडायलाच हवा असा, आणि एसी टाइप, म्हणजे फक्त साधा एसी लीकेज ओळखणारा. पंप चालू केला की कधी दोन तास नीट चालायचा, कधी दहाव्या सेकंदाला खटकन ट्रिप. सकाळी दमट हवेत तर हमखास. मी टेस्ट बटण दाबून बघायचो, लगेच पडायचा, म्हणजे ब्रेकर ठणठणीत, दोष पंपाचाच असं धरून बसलो. लोड काढलं की पडत नव्हता, त्यामुळे खात्रीच पटली. मेकॅनिकल सील बदललं, मोटरमध्ये पाणी गेलंय म्हणून ती उघडली, आतून एकदम कोरडी. केबल पंपापासून सोडवून (ड्राइव्हवाल्या, म्हणजे आत वेग बदलणारं इलेक्ट्रॉनिक कार्ड असलेल्या पंपाला तशीच मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं यंत्र, लावू नका, कार्ड उडेल) 500 व्होल्टवर मेगर केली, 200 मेगाओहमच्या वर, म्हणजे इन्सुलेशन उत्तम. न्यूट्रल आणि अर्थ कुठे मिसळलेत का तेही बघून झालं. काहीच सापडेना, आणि पाणी हिरवं व्हायला लागलं ते वेगळंच.

शेवटी एका जुन्या वायरमनने आरसीडी टेस्टर (लीकेजवर पडणारे ब्रेकर तपासायचं यंत्र) आणला. लोड सोडवून रॅम्प टेस्ट लावली, करंट हळूहळू वाढवत नेतात ती. पहिल्यांदा 11 मिलीअँपिअरला पडला, मग 9, परत 11. 30 वाला 15 च्या खाली पडता कामा नये! पंप आणि सॉल्ट सेलचा (मिठाच्या पाण्यातून क्लोरीन बनवणारा) मिळून नेहमीचा लीकेज क्लॅम्प मीटरवर 5 मिलीअँपिअरच्या आसपास दिसत होता, तो तसा नॉर्मलच, ड्राइव्हच्या फिल्टरमुळे थोडा असतोच. पण ब्रेकरकडे जागाच उरली नव्हती, जरा ओल आली की गेला. टेस्ट बटण फक्त 'पडतो' एवढंच सांगतं, कितीला पडतो ते नाही, हे मला तेव्हा कळलं.

ब्रेकर काढला तर टर्मिनलवर हिरवट थर, स्क्रूचं डोकं खाल्लेलं. बोर्डच्या बरोब्बर खाली मी अ‍ॅसिडचा कॅन ठेवायचो, झाकण जेमतेम लावलेलं, वाफ सरळ वर बोर्डात. वायरमन काही बोलला नाही, नुसता कॅनकडे बघत राहिला.

नवीन ए टाइप घेतला, पंपाच्या मॅन्युअलमध्ये तोच सांगितलाय, कारण आत ड्राइव्ह असला की डीसीचे धक्के असलेल्या लीकेजवर एसी टाइप आंधळा पडू शकतो. रॅम्पला 22 आणि 23 आला. कंपनीचं नाव लिहीत नाही, टाइप आणि रेटिंग बघून घ्या. तक्रार एकच, खटका फार कडक आहे, ओल्या हाताने नाही जमत (ओल्या हाताने करायचंही नसतं म्हणा).

आठ महिन्यांत एकदाच पडला, आणि तो खरा होता. पाण्याखालच्या दिव्याच्या गॅस्केटमधून पाणी आत गेलं होतं, काचेमागे अर्धा पेला तरी साठलेलं. दिवा सोडवून ठेवलाय, नवीन गॅस्केट अजून आलं नाही, तोवर रात्रीचं पोहणं बंद.